स्पंजाच्या पोटातला नत्राचा हिशेब

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी घर आवरताना मी फिशटँकच्या फिल्टरमधला काळा स्पंज काढला आणि नळाखाली धरून लख्ख धुतला. दाबला की त्यातून तपकिरी, बुळबुळीत गाळ निघायचा. जितका जास्त निघेल तितकं मला बरं वाटत होतं. पाणी नितळ यायला लागल्यावरच थांबले. चौथ्या दिवशी तिन्ही गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले आणि आठवडा संपायच्या आत तिघेही गेले. टाकीतलं पाणी मात्र शेवटपर्यंत काचेसारखं स्वच्छ होतं.

ज्याच्याकडून टँक घेतला त्या दुकानदाराला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "ताई, स्पंज नळाखाली धुतला का?" मी हो म्हटलं. "मग संपलं. ती घाण नव्हती हो, तोच फिल्टर होता."

हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याचा माग काढत वाचत गेले आणि नाशिकच्या फ्लॅटमधून थेट समुद्राच्या तळाशी पोचले. कारण समुद्रातला खरा, जिवंत स्पंज हेच काम करतो, आणि माझ्या टाकीतल्या फोमला जी पायरी कधीच जमत नाही तीही करतो.

आधी टाकीत काय झालं ते सांगते. मासे खातात आणि अमोनिया सोडतात, बराचसा कल्ल्यांतूनच. अमोनिया म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि हायड्रोजन, आणि माशांना ते विष. फोमच्या भोकाभोकांत जंतूंची वस्ती बसलेली असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्यामानाने गरीब. या दोन पायऱ्यांना मिळून नायट्रीकरण म्हणतात. हे जंतू फार सावकाश वाढतात, नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना सहज जातो. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारायलाच, आणि मी ते त्या वस्तीवर दहा मिनिटं धो धो सोडलं होतं.

सगळं सुरळीत असलं तरी टाकीत नायट्रेट साचत जातं. ते काढायचं तर थोडं थोडं पाणी बदलत राहावं लागतं. काढलेलं पाणी मी गॅलरीतल्या मोगऱ्याला घालते, आणि मोगरा खूश असतो. माझा भाऊ पिंपळगावला द्राक्षं करतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तू बादलीने नायट्रेट देतेस, आम्ही ड्रिपने देतो. एवढाच फरक."

आता खरा स्पंज. आपल्याकडे अंग घासायला वाळलेलं गिलकं वापरतात, ते वेलीचं फळ. भांडी घासायचा पिवळा-हिरवा चौकोन कारखान्यातला. दोन्हींचा समुद्राशी संबंध नाही. समुद्रातला स्पंज हा प्राणी आहे. दहावीच्या पुस्तकात रंध्रीय प्राणी म्हणून एक छोटा परिच्छेद येतो, ऑस्टिया आणि ऑस्कुला हे दोन शब्द पाठ करायचे आणि पुढे जायचं. माझ्या भाच्याने तेच केलं, मीही माझ्या वेळी तेच केलं होतं. त्या परिच्छेदावर अन्याय होतो असं आता वाटतं.

डोकं नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. खडकाला चिकटलेला एक गोळा, नळी किंवा पेला, आणि अंगभर बारीक छिद्रं. त्यांतून पाणी आत येतं, आतल्या कालव्यांतून फिरतं आणि एका मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. एडिंबरोचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास जिवंत स्पंज पाण्यात ठेवून हा बाहेर पडणारा प्रवाह नीट पाहिला, तोपर्यंत तो वनस्पती की प्राणी यावरच वाद होता. हेच ग्रँट पुढे विद्यार्थी चार्ल्स डार्विनला घेऊन किनाऱ्यावर हिंडायचे.

पाणी ओढायचं काम कॉलर पेशी करतात. प्रत्येकीला एक शेपटीसारखा चाबूक आणि त्याभोवती जाळीची कॉलर. चाबूक हलला की पाणी सरकतं, कॉलरच्या जाळीत अन्नाचे कण अडकतात. एक पेशी किती पाणी हलवणार? पण त्या असंख्य असतात. किलोभर स्पंज दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो, असा अंदाज आहे. उन्हाळ्यात येवला-सिन्नरकडच्या वाड्यांवर जाणारा १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तसले जवळजवळ अडीच टँकर, रोज, एका किलोच्या प्राण्यातून.

या पाण्यातून तो खातो काय, तर मुख्यतः बॅक्टेरिया. आणि इथेच गंमत सुरू होते. कालव्यांच्या मधल्या मऊ गरात त्याने बॅक्टेरियाच पाळलेले असतात. सगळ्या जाती पाळत नाहीत. काहींच्या गरात आसपासच्या पाण्याइतकेच जंतू सापडतात. दुसऱ्या प्रकारच्या स्पंजांत मात्र एका ग्रॅममध्ये १० कोटींपासून १,००० कोटींपर्यंत असतात, आणि काही जातींत स्पंजाच्या वजनातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग या भाडेकरूंचाच भरतो. पूर्वी अशांना सरळ बॅक्टेरियोस्पंज म्हणायचे. मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण यात घरमालक कोण हा प्रश्नच पडतो.

बाहेरचे बॅक्टेरिया गिळायचे आणि आतले सांभाळायचे, हे कसं जमतं? याचं पूर्ण उत्तर अजून जुळवलं जातंय, पण एक धागा सापडलाय. आतल्या जंतूंकडे काही खास प्रथिनं असतात. त्यांची जनुकं प्रयोगशाळेतल्या ई. कोलाय या साध्या बॅक्टेरियात घालून ते अमिबाला खायला दिले, तर अमिबाने त्यांना गिळलं खरं, पण पचवता येईना. म्हणजे ओळखपत्रासारखं काहीतरी त्यांच्यापाशी आहे. बऱ्याच जातींत तर आईच आपल्या अळ्यांसोबत हे जंतू बांधून देते. लेक सासरी जाताना आई डब्यात विरजण देते ना, तसं. नव्या घरी दही लागण्यासाठी बाहेर शोधाशोध नको.

आता नत्राकडे येऊ. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला किंवा प्राण्याला तो तसाच वापरता येत नाही. शेतकऱ्याला हे सांगायला नको. ४५ किलोची युरियाची गोणी उचलताना त्यातलं साधारण पावणेएकवीस किलो नत्र तो विकत घेत असतो, आणि ते हवेतून ओढून बांधायला कारखान्यात प्रचंड दाब आणि उष्णता लागते. हेच काम फुकटात करणारे जंतू निफाडच्या कुठल्याही हरभऱ्याच्या मुळाशी मिळतील. फुलावर आलेलं रोप हलक्या हाताने उपटा, माती झटका. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा असतो. नत्र बांधणाऱ्या यंत्रणेला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं. ऑक्सिजनची ही अडचण लक्षात ठेवा, पुढे स्पंजाचं सगळं गणित तिच्यावरच फिरतं.

प्रवाळांच्या समुद्रात नत्राची चणचण असते. निळं, पारदर्शक, पर्यटकांना आवडणारं पाणी खताच्या दृष्टीने माळरानासारखं असतं. तरी तिथे जीवांची दाटी. त्या दाटीत स्पंज कुठून नत्र आणतो हे बघायला विल्किन्सन आणि फे या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये एक युक्ती वापरली. नत्र बांधणारं एन्झाइम जरा भोळं असतं, नायट्रोजनऐवजी अॅसिटिलीन दिलं तरी त्यावर काम करतं आणि त्याचं इथिलीन बनवतं. अॅसिटिलीन म्हणजे वेल्डिंगवाल्याचा गॅस, इथिलीन म्हणजे केळी पिकवायच्या खोलीतला. बंद भांड्यात पहिला सोडायचा आणि दुसरा निघतो का ते मोजायचं. निळी-हिरवी शेवाळं अंगात बाळगणाऱ्या स्पंजांत तो निघाला. इगतपुरीकडच्या भातखाचरांत खत म्हणून सोडतात त्याच घराण्यातली ही शेवाळं, फक्त इथे प्राण्याच्या अंगात राहणारी.

पण सगळेच स्पंज हरभऱ्यासारखे वागत नाहीत. बहुतेकांकडे नत्र येतं ते खाल्लेल्या जंतूंतून, आणि माशांप्रमाणे तेही अमोनिया टाकतात. मग टाकलेल्या अमोनियाचं काय होतं? १९८८ मध्ये पोर्तो रिकोतल्या संशोधकांनी कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजांतून चक्क नायट्रेट बाहेर पडतं असं दाखवलं. प्राणी नायट्रेट बनवत नाही. म्हणजे आत कोणीतरी माझ्या फिल्टरमधलं काम करत होतं.

ते कोण, हे शोधताना एक वेगळंच घराणं समोर आलं. आर्किया हे बॅक्टेरियासारखेच एकपेशीय, पण वंशावळीने स्वतंत्र. ते उकळत्या झऱ्यांत किंवा मिठागरांत राहतात असा समज होता. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजाच्या अंगात, थंड पाण्यात, त्यांची एक जात मजेत राहताना सापडली. तिचं नाव सेनार्किअम सिंबिओसम. ती पोटासाठी काय करते हे तेव्हा कोडंच होतं. २००५ मध्ये तिच्या एका चुलत भावंडाला प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आलं आणि ते अमोनियावर जगतं हे सिद्ध झालं. ते भावंड मिळालं कुठे, तर सिअॅटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीत. हे वाचलं तेव्हा मी उठून आमच्या टाकीकडे बघून आले.

भावाच्या शेतातही हेच जंतू काम करतात. युरियाला नीम का चोळतात, हे त्याला विचारलं तर तो सांगतो, "नत्र हळू सुटतं." बरोबर आहे. नीमच्या लेपामुळे जमिनीतले नायट्रीकरण करणारे जंतू मंदावतात, अमोनियाचं नायट्रेट सावकाश होतं आणि पाण्याबरोबर कमी वाहून जातं. स्पंजाला असा लेप नको असतो. अमोनिया लवकर हटवणारा जंतू त्याला घरात हवाच आहे.

इथपर्यंत स्पंज म्हणजे माझ्या टाकीतलं फोमच. पुढची पायरी वेगळी. नायट्रेटमधला नत्र मोकळा करून पुन्हा वायू बनवणं, म्हणजे विनायट्रीकरण. हे काम करणारे जंतू ऑक्सिजन असला की तोच वापरतात. तो नसला की नाइलाजाने नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून श्वास भागवतात. म्हणून नत्र काढायची सोय असलेल्या सांडपाणी केंद्रात एका टाकीत हवा फुंकतात आणि दुसरीत मुद्दाम फुंकत नाहीत. पहिलीत नायट्रेट बनतं, दुसरीत ते वायू होऊन उडून जातं. दोन टाक्या, दोन हवामानं, मध्ये पंप.

स्पंजाला एकच अंग आहे. तो काय करतो, तर पंप बंद करतो. त्याला ते येतं. अधूनमधून, कधी तासन् तास, तो पाणी ओढणं थांबवतो. आतल्या पेशी आणि जंतू असलेला ऑक्सिजन मिनिटांत संपवून टाकतात आणि तोच गर बिनहवेची टाकी बनतो. पुन्हा चाबूक हलायला लागले की हवेची टाकी. जाड स्पंजात तर पंप चालू असतानाही कालव्याजवळ ऑक्सिजन आणि आत खोलवर टंचाई अशी विभागणी असते. वेळेने आणि जागेने, दोन्ही प्रकारे तो एका घरात दोन हवामानं सांभाळतो. मला या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. दहावीच्या परिच्छेदात एवढी एक ओळ जरी घातली असती तरी चाललं असतं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. २००९ मध्ये नॉर्वेच्या थंड समुद्रातल्या जिओडिया बॅरेट्टी या गोल, पांढुरक्या स्पंजावर मोजणी प्रसिद्ध झाली. संशोधकांनी जरा जड असलेला नत्र, नायट्रोजन-१५, खुणेसाठी वापरला. गाईच्या कानाला बिल्ला मारावा तसं. बिल्ल्याचं नायट्रेट दिलं आणि तो बिल्ला वायूत निघतो का ते पाहिलं. निघाला. एका घनसेंटिमीटर स्पंजात दिवसाला ५६६ नॅनोमोल नत्राचं नायट्रीकरण, ९२ चं विनायट्रीकरण. घरगुती भाषेत, लिटरभर आकारमानाच्या स्पंजात रोज सुमारे ८ मिलिग्रॅम नत्र नायट्रेटच्या दिशेने जातं आणि सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास वायू होऊन उडतं. ऐकायला किरकोळ, पण हे स्पंज समुद्रतळावर मैलोन्मैल पसरलेले असतात.

त्याच मोजणीत ३ नॅनोमोलचा एक बारीक आकडा आहे, तो ज्या प्रक्रियेचा तिला अॅनामॉक्स म्हणतात. यात जंतू अमोनिया आणि नायट्राइट एकत्र करून थेट नायट्रोजन वायू बनवतात, ऑक्सिजनशिवाय. ही वाट १९९० च्या दशकात माणसाला पहिल्यांदा दिसली ती नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या सांडपाण्याच्या टाकीत. समुद्रातल्या स्पंजात ती आधीपासूनच चालू होती.

मग स्पंज समुद्राला नत्र देतो की समुद्रातलं काढून घेतो? एका वाक्यात उत्तर मागू नका. शेवाळं पाळणारा काही भर घालतो, नायट्रेट सोडणारा असलेलंच रूप बदलून परत देतो, जिओडियासारखा थोडं हवेत उडवून लावतो. तोच स्पंज पंप चालू असताना एक आणि बंद असताना दुसरं काम करतो. त्यामुळे एका स्पंजाचा आकडा घेऊन सगळ्या समुद्राला लावणारा लेख दिसला की मी जरा जपूनच वाचते. जाती ९,००० हून जास्त आहेत आणि मोजमाप झालेल्या फार थोड्या.

अजून एक देणं आहे, ते थोडक्यात. २०१३ मध्ये डे गोई हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रवाळांतले स्पंज पाण्यात विरघळलेलं, इतर कुणाला खाता न येणारं सेंद्रिय द्रव्य शोषतात आणि आपल्या झडलेल्या पेशींचा भुगा करून सोडतात. खेकडे, गोगलगायी तो भुगा खातात. एका जातीत कॉलर पेशी पाच-सहा तासांत दुप्पट होतात आणि जुन्या झडतात. विरघळलेलं नत्रही या वाटेने पुन्हा कुणाच्या तरी तोंडी लागतं.

हे सगळं मी एकदा घरात उत्साहाने सांगत होते, तेव्हा पाहुण्यांपैकी एक काका म्हणाले, "मग गोदावरीत सोडा की चार टोपल्या!" सायखेड्याकडे नदी पाणवेलीने हिरवीगार झालेली आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, आणि त्या वेलीला पोसणारं बरंचसं नत्र-स्फुरद शहराच्या सांडपाण्यातून आणि शेतातून येतं. पण समुद्रातला स्पंज गोड्या पाण्यात मरेल. गोड्या पाण्यातले स्पंज आपल्याकडे आहेत, मात्र गढूळ, गाळाच्या पाण्यात त्यांची छिद्रंच बुजतात. शिवाय लिटरभर स्पंज रोज मिलिग्रॅममध्ये काम करतो आणि शहर टनांनी सोडतं. काकांना हिशेब पटला, चहा मात्र त्यांनी आणखी अर्धा कप मागितला.

टाकीत आता दोन नवे मासे आहेत. स्पंज महिन्यातून एकदा काढते, टाकीतलंच पाणी छोट्या बादलीत घेऊन त्यात दोनदा हलकेच दाबते आणि तपकिरी रंग शिल्लक असतानाच परत बसवते. परवा भाच्याने तपासणीची पट्टी पाण्यात बुडवली आणि रंग जुळवून वाचून दाखवलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४०. मी बादली उचलली आणि मोगऱ्याकडे गेले.